मावशीवरचं प्रवचन

फिलोमिना मावशीच्या अंत्यविधीच्या मिस्सेला मी पहिल्या बाकावर बसले होते. वेदीवर सात धर्मगुरू होते आणि त्यातल्या पाच जणांना मावशीनं सेमिनरीत ईशज्ञान शिकवलं होतं. त्यांच्यापैकीच एक फादर प्रवचनात म्हणाले, "आमच्या सिस्टर फार प्रेमळ. त्यांच्या हातचं लोणचं कोण विसरेल?"

लोक हळूच हसले. आपल्याकडे बाईच्या हातांचं कौतुक होतं, डोक्याचं नाही. मावशीनं एक पुस्तक लिहिलं होतं. प्रभू मरणातून पुन्हा उठल्याची बातमी सर्वांत आधी एका बाईनं सांगितली, मग बाई वेदीवरून बोलली तर काय बिघडतं, एवढंच तिनं त्यात विचारलं होतं. बिशपांनी ते मागं घ्यायला सांगितलं. ती नाही म्हणाली, तेव्हा तिचे वर्ग बंद झाले आणि उरलेली वर्षं तिनं मठाच्या स्वयंपाकघरात काढली.

"तुझे विद्यार्थी काहीच बोलले नाहीत?" मी एकदा तिला विचारलं होतं.

"त्यांना अजून बिशपांकडून आपापल्या चर्चचे धर्मग्राम मिळायचे आहेत गं," ती म्हणाली होती.

दफन झाल्यावर ते फादर सांत्वनाला आले. मी म्हटलं, "पुस्तकाचं सांगायचं राहिलं, फादर."

त्यांनी मागं वळून बघितलं. जवळ कुणी नाही असं पाहून ते पुटपुटले, "मी ते दोनदा वाचलंय."

न वाचणाऱ्याला मी माफ केलं असतं.