मारुतीच्या बागेतले आबा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यावलच्या स्टँडवर जळगावच्या बसची वाट पाहत होते. पहाटे झोपेतच गेले म्हणे... खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता अक्का बागेत कशी जाणार?

आबा एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन अमळनेरला आमच्या शेजारी राहायला आले, पण स्टिअरिंग काही हातातून सुटलं नाही. कोणी गल्लीतून स्कूटर दामटली की "लायसन कोणी दिलं रे तुला?" हे ठरलेलं. त्यांची बायको अक्का. तिला ऐकू जवळजवळ येतच नाही. आमच्या कॉलनीसमोर मोठी बाग आहे, मधोमध मारुतीचं देऊळ आणि भोवती गोल रस्ता. सकाळी सगळे मारुतीला उजव्या हाताला ठेवून चालतात. फिरणंही होतं आणि प्रदक्षिणाही.

गेल्या वर्षी बाहेरचा रस्ता खोदला आणि पालिकेनं या गोल रस्त्यावर गाड्या सोडल्या. एकेरी, आणि आम्ही चालतो त्याच दिशेनं. म्हणजे प्रत्येक गाडी पाठीमागून. आम्ही हॉर्न ऐकून बाजूला व्हायचो, अक्का कशी होणार? दोनदा थोडक्यात वाचली. आबा पालिकेत खेटे घालू लागले. गाड्या बंद होणार नाहीत म्हटल्यावर त्यांनी साधीच मागणी केली, दिशा उलटी करा, समोरून आलेली गाडी माणसाला दिसते तरी. साहेब तयार झाले. कॉलनीच्या सह्या आणा म्हणाले.

आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक अडून बसलो. गाड्या मारुतीला उलटा फेरा घालणार? माझ्यासकट कोणीही सही केली नाही. वर मीच आबांना शहाणपण शिकवलं, मग तुम्ही दोघंच उलटे चाला की.

आबा हसले. "तिले सांगी दखा, बाई."

मी खाणाखुणा करून सांगितलं. अक्कानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "मारुतीले उलटा फेरा? पाप लागी."

आबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते अक्काच्या दोन पावलं मागे, रस्त्याकडच्या अंगाला चालू लागले. गाडी आली की हात आडवा. गाडीवाले वाट्टेल ते बोलायचे. न राहवून मी म्हटलं, "आबा, तुम्हालाच धडक बसेल एखाद दिवशी."

"तीस वरीस बठ्ठा लोके मन्हा मांगे बसनात," ते पाठीमागे अंगठा दाखवत म्हणाले. "आते मी हिना मांगे शे."

एका सहीचं काम होतं. ती मी केली नाही, याची आता लाज वाटते.

तेराव्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सकाळी बागेत गेले, तर अक्का मला समोरून येताना दिसली. एकटी. मारुती डाव्या हाताला, सगळ्यांच्या उलट, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे नीट बघत. मी थांबले. देवळाकडे बोट दाखवून नुसत्या हातानंच विचारलं, हे काय?

अक्कानं देवळाकडे बघून हात जोडले. "त्याले समजी," ती म्हणाली. "आते मन्हा मांगे कोन शे, माय?"

मी वळले आणि तिच्याबरोबर उलटी चालू लागले.