खडूने लिहिलेले फेरे

"स्टिअरिंग थरथरत नाही, तुमचे हात थरथरतात," असे माझ्या पत्नीने मला सांगितले, तेव्हा आमची गाडी दारात येऊन थांबली होती. उरणहून पनवेलपर्यंत ती दरवाज्यावरची कडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. साठच्या वर वेग गेला की स्टिअरिंगचे चाक थरथरत असे आणि गाडी डावीकडे ओढत असे. निदान माझे मत तसे होते.

"जत्रेला मी एसटीने जाईन," ती उतरताना म्हणाली. "आणि ही गाडी विकून टाका."

तिचे माहेर करंजाचे. चैत्रात तिथे देवीची जत्रा भरते. लग्नानंतर एकही जत्रा आम्ही चुकवली नव्हती. आधी स्कूटरवरून आणि पुढे याच गाडीतून आम्ही दोघे जात होतो. जत्रेला आठ दिवस उरले होते.

तिचे म्हणणे चूक आहे, असे मला खात्रीने सांगता येत नव्हते. अलीकडे माझ्या हातात चहाची बशी वाजू लागली होती. तळोज्याच्या एका कारखान्यात मी पस्तीस वर्षे यंत्रांची देखभाल केली. निवृत्तीला दहा वर्षे झाली होती. यंत्रात दोष आहे की माणसात, हे तपासल्याशिवाय बोलू नये, असे मी तिथे इतरांना शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी अंगणात होतो. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढचा भाग जॅकने उचलला आणि खाली सागाचे ठोकळे दिले. पुढचे डावे चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले.

खट्.

पुन्हा हलवले. पुन्हा खट्. उजव्या चाकालाही तोच आवाज, थोडा बारीक. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडलेला असतो, तिथे टोकाशी एक गोळीचा सांधा असतो. त्याला टाय रॉड एंड म्हणतात. दोन्ही बाजूंचे सांधे झिजले होते. रबराची टोपी फाटली होती आणि आतले ग्रीस वाळून काळी माती झाले होते.

नोकरीत बढतीचे पत्र हाती आले, तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी पत्नीला बोलावले, तिचा हात सांध्यावर ठेवला आणि चाक हलवले.

"लागला खटका?"

"जुन्या गाडीत काहीतरी वाजणारच," ती हात पदराला पुसत म्हणाली. "हे बदलून झालं की बघू. तोवर माझं म्हणणं तेच."

गाडी गॅरेजमध्ये देता आली असती. मी दिली नाही. आळ माझ्या हातांवर आला होता, आणि काम माझ्याच हातांनी व्हायला हवे होते.

खाडीच्या हवेने नट गंजले होते. त्यांच्यावर रॉकेल सोडून मी दिवसभर वाट पाहिली. संध्याकाळी पान्याला लोखंडी नळी लावून जोर दिला, तेव्हा ते कुरकुरत सुटले. सांधा मात्र आपल्या भोकात घट्ट बसला होता. एका बाजूला जड घण टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची, ही कारखान्यातली रीत. सातव्या घावाला सांधा टणकन भोकातून सुटला. मी एकटाच हसलो.

आता मुख्य काम. हा सांधा दांड्यावर स्क्रूसारख्या आट्यांनी बसवलेला असतो. तो किती फेऱ्यांत निघाला ते मोजायचे आणि नवा तितकेच फेरे देऊन बसवायचा, म्हणजे चाकाची दिशा जवळपास पूर्वीसारखी राहते. मी मोठ्याने मोजले. एका बाजूला तेवीस फेरे भरले, दुसऱ्या बाजूला एकवीस. वही घरात होती आणि माझे हात तेलाने माखले होते. म्हणून ज्या त्या चाकाशेजारी फरशीवर खडूने आकडा लिहिला आणि वर एक रेघ ओढली.

सकाळी सुट्या भागांचे दुकान उघडण्याआधीच मी जुने सांधे पिशवीत घालून तिथे उभा होतो. नवे घेऊन परतलो. अंगण ओले होते. फरशी धुतलेली होती, आणि गाडीच्या नाकासमोर, उंबऱ्याच्या बाजूला, ताजी रांगोळी होती.

"इथले आकडे?"

"दारात खडूच्या रेघोट्या ठेवून सडा कसा घालू?" ती म्हणाली. "तुमच्या लक्षात असतीलच ना."

तेवीस आणि एकवीस माझ्या लक्षात होते. तेवीस कोणत्या बाजूचे, ते नव्हते. मी डोळे मिटून कालची संध्याकाळ आठवली. घण आठवला, आवाज आठवला, बाजू आठवली नाही. ती बादली उचलून आत गेली.

त्याच दुपारी तिचा धाकटा भाऊ जत्रेचे आमंत्रण द्यायला आला. करंजाला त्याची स्वतःची होडी आहे. बहिणीच्या हाती सुक्या बोंबलांची पिशवी देऊन तो अंगणात माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"काय दाजी, गाडी उलटी करून विकताव काय?"

मी घडले ते सांगितले. तो बराच वेळ हसला.

"बाय, तू दाजींचा हिसाब धुतलास."

"दारातला धुतला," ती आतून म्हणाली. "डोक्यातला त्यांनी धुतला."

"आमी होडीत इंजिन बसवतो तवा काय आकडे लिवून ठेवतो?" तो मला म्हणाला. "दोरी बांधतो. दोरीवर सरल दिसला का झाला. जाल्याची दोरी हाय माझ्या डिकीत."

हीच पद्धत मी तरुणपणी कारखान्यात लांब शाफ्ट बसवताना वापरली होती आणि विसरलो होतो. मला उभे राहवेना आणि बसवेना.

दोन्ही सांधे अंदाजाने बावीस फेऱ्यांवर बसवले आणि गाडी चाकांवर उतरवली. स्टिअरिंग मधोमध आणून बांधून ठेवले. चार कुंड्या मांडून गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर नायलॉनची दोरी ताणली. मेव्हण्याने एक डोळा मिटून दोऱ्या मागच्या चाकांशी समांतर केल्या. दोरीपासून पुढच्या चाकाच्या दोन्ही कडांपर्यंतचे अंतर मी पोलादी पट्टीने मोजले. एक बाजू अर्धा फेरा आत, दुसरी एक फेरा बाहेर. पुन्हा माप. पुन्हा पाव फेरा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला फरक जुळला, तेव्हा ऊन उतरले होते आणि तीन कप चहा अंगणात निवून गेला होता.

"दाजी, तुमचे हात तर काय हलत नाय," तो पट्टीकडे बघत म्हणाला. बहिणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, असे मला वाटले.

नट आवळून नव्या पिना घातल्या. दुसऱ्या दिवशी सावकाश चालवत गाडी चाकांची दिशा तपासणाऱ्या यंत्रावर नेली. कारागिराने पडद्याकडे पाहिले आणि एका बाजूला जेमतेम पाव फेरा दिला.

"काका, आधी कुठल्या मशीनवर केलं होतं?"

"जाळ्याच्या दोरीवर," मी म्हणालो. त्याला ते पटलेले दिसले नाही.

जत्रेच्या सकाळी मी गाडी दारात उभी केली. पत्नी नव्या साडीत बाहेर आली. एसटीचा विषय तिने काढला नाही. ती पुढच्या सीटवर बसली आणि दरवाज्यावरची कडी दोन्ही हातांनी धरली.

उरणच्या रस्त्याला मिठागरांच्या बाजूला एक सरळ, मोकळा पट्टा आहे. तिथे काटा साठवर गेला, मग पासष्टवर. चाक स्थिर होते. मी तिच्याकडे पाहिले नाही.

"हात सोडा," ती म्हणाली.

मी वेग कमी केला. पुढे-मागे वाहन नव्हते. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. गाडी रेघेवरून जावी तशी सरळ गेली. तिने रस्त्याकडे पाहिले नाही; माझ्या मांडीकडे पाहिले. माझे हात थरथरत होते. उत्साहाने, असे मी तेव्हा मानले आणि अजूनही मानतो.

"धरा आता," ती म्हणाली.

मी चाक धरले. हात थांबले. तिने कडी सोडली आणि पिशवीतून वेणी काढून, समोरच्या आरशात न पाहता, केसांत माळली.