लगेच मिळालेली पगारवाढ

पगार वाढवून मागायला मला पाच महिने लागले. सेलूतल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी तालीम ठेवली होती आणि मी तिथला वस्ताद. हैदराबादचा हाली शिक्का जाऊन भारत सरकारचे कलदार रुपये आले, घरात खाणारी तोंडं सहा झाली, पगार मात्र निजामाच्या काळात ठरलेला. शेवटी मनाचा हिय्या केला. पंधरा रुपये जास्तीचे मागायचे, मालक कुरकुर करतील आणि सातवर सौदा ठरेल, असा माझा अंदाज.

मालक म्हणाले, "बरं हाय वस्ताद. पुढच्या म्हैन्यापासून पंधरा जास्तीचे घ्या."

एवढंच! हा माणूस सरकीच्या एका पोत्यासाठी तासभर घासाघीस करायचा. मला हसत हसत पंधरा रुपये देतोच कसा?

घरी सगळे खूश. मी मात्र मालकांवर डोळा ठेवला. दुसरा वस्ताद शोधून ठेवला असेल? की बोरीच्या जत्रेतली कुस्ती आमच्या पैलवानाला मुद्दाम हरायला लावायची आणि मी गप्प बसायचं, त्याचे हे पंधरा?

पैलवान म्हणजे आमचा एकुलता एक नाव घ्यावं असा गडी. धनगराच्या घरचा, तालमीतच राहायचा, मालकांच्या खुराकावर. दीड महिन्यात तो दिसेल एवढा उतरला. जोर मारताना दंड थरथरायचे. झालं, माझा संशय पक्का झाला. हाही मालकांना सामील! नाहीतर शिंदी प्यायला लागला असणार. एकदा तर मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. कसलाच वास नव्हता.

"लबाडी करायलास का रे?"

"न्हाई, वस्ताद."

मी चिडलो आणि रोज दोनशे बैठका जादा लावल्या. त्याने त्या मुकाट्याने काढल्या.

मग एका सकाळी तालमीला दूध घालणारी बाई रस्त्यात भेटली. म्हणाली, "वस्ताद, पैलवानाला दूध पचंना का? दीड म्हैना झाला, निम्मंच घ्यायलेत."

मी तडक जिनिंगवर गेलो आणि मालकांना सरळ विचारलं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"तुमच्या आधी त्यो पैलवानच आला व्हता. वस्तादाचं घर चालंना, पगार वाढवा म्हणला. मी म्हणलो, तालमीचा खर्च हाय तेवढाच ऱ्हाईल. तर म्हणला, माझ्या खुराकातलं काढा, पर वस्तादाला सांगू नका."

मला तिथे उभं राहवेना. वाढ नको, दूध पहिल्यासारखं सुरू करा, एवढं बोलून मी निघालो. मालकांनी तेही लगेच कबूल केलं.

तालमीत तो भिंतीला टेकून बसला होता, पोटऱ्यांना गोळे आलेले. वस्तादाने पैलवानाची माफी मागावी अशी आमच्यात रीत नाही. पैलवानच वस्तादाचे पाय रगडतो. मी तेलाची वाटी घेतली, त्याच्यासमोर मातीत बसलो आणि त्याचा पाय मांडीवर ओढला. तो घाबरून मागे सरकला.

"काय करायलाव, वस्ताद! पाप लागंल मला."

"गप पड," मी म्हणालो. आणि अंगठ्याने त्याच्या पोटरीतला गोळा रगडायला लागलो.