आतोबांचा पासवर्ड आणि आत्याचे रंग

माझ्या आत्याला कुणाची परवानगी मागायला आवडत नाही. लग्नसुद्धा तिने आधी ठरवलं आणि मग घरी कळवलं. अशा बाईला रोज सकाळी घरच्या कॉम्प्युटरपुढे ताटकळत बसावं लागायचं, याचा मला अजून राग येतो. कॉम्प्युटर बिचारा निमित्तमात्र. सगळी सूत्रं आतोबांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या हातात होती.

आत्या मशीनवर भरतकाम करते. शाळांच्या गणवेशावरची बोधचिन्हं, टॉवेलांवरची अक्षरं, कोटाच्या खिशावरची नावं. नक्षी आधी कॉम्प्युटरवर आखायची, मग मशीनकडे पाठवायची, की सुई टकटकत सुटते. आत्या डावरी, म्हणून माउस डाव्या बाजूला आणि त्याची बटणं उलटी. डोळे अधू, म्हणून पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. आणि तिचे रंग! पडद्यावरचा लाल आणि रिळावरचा लाल यांचं कधी जमत नाही, म्हणून कपाटातलं एकेक रीळ पडद्याला लावून तिने प्रत्येक छटा जुळवून ठेवली होती. ते तिचं खरं भांडवल. बाकी मशीन काय, कुणीही विकत घेईल.

आतोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर चुका काढायला छापील कागद मिळेना, तेव्हा त्यांनी घर हाती घेतलं. कॉम्प्युटर आला त्या दिवशीच त्यांनी स्वतःला त्याचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून टाकलं आणि आत्याला एक साधं खातं काढून दिलं.

"किल्ली एकाच्याच हातात असलेली बरी," ते म्हणाले. "नाहीतर कोण काय करून ठेवेल, सांगता येत नाही."

घरात माणसं दोनच. त्यामुळे हा 'कोण' कोण, ते काही गुपित नव्हतं.

आता तो भरतकामाचा प्रोग्रॅम जुना आणि खट्याळ. साध्या खात्यातून उघडला की दरवेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागायचा. मग आत्या हाक मारायची, "अहो, या जरा." आतोबा पेपरची घडी घालायचे, चष्मा पुसायचे आणि पुलाचं उद्घाटन करायला निघाल्यासारखे यायचे. "तोंड फिरवा," असं म्हणायचे. आत्या भिंतीकडे बघायची. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे पुष्कळदा मीही तिथे असायचे. मग मीही भिंतीकडे. आणि आतोबा एका बोटाने पासवर्ड टाकायचे.

मोठ्याने वाचत!

छापखान्यात त्यांचं कामच ते होतं. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. अक्षर, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, सगळं तोंडाने म्हणायचं. उभी हयात असं काम केल्यावर बोट आणि जीभ वेगळी चालेनात. सुरुवातीला ते नुसते पुटपुटायचे. पुढे ऐकू कमी येऊ लागलं, तसं पुटपुटणं चढत गेलं. मला वर चहा पिताना स्पष्ट ऐकू यायचं, "मोठा एच. यू. एस. एच. ए. आर. उद्गारचिन्ह." हुशार! आपल्याबद्दलचं त्यांचं मत एवढं पक्कं होतं. शेजारच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझे आतोबा रोज सकाळी स्वतःचं कौतुक करतात का गं?"

मी आत्याला किती वेळा म्हटलं असेल, "अगं, तुला पासवर्ड माहीत आहे. टाक आणि मोकळी हो."

"त्यांनी मला सांगितलेला नाही अजून."

"अख्ख्या गल्लीला सांगितलाय!"

"गल्लीला सांगितलाय," आत्या दोरा ओवत म्हणाली. "मला नाही."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. पण ती तेवढ्यावरच अडून होती. तिला पासवर्ड नको होता, तिला आतोबांनी तो आपणहून द्यायला हवा होता. आणि आतोबा ताकास तूर लागू देत नव्हते, अशी त्यांची समजूत होती.

मग एका सकाळी वीज गेली, आली, आणि आत्याचं खातं उघडलं ते कोरं करकरीत. माउस उजवा, अक्षरं मुंगीएवढी, रंगांचा पत्ता नाही. इस्पितळातल्या परिचारिकांच्या कोटांची मोठी ऑर्डर अर्धी झाली होती. आत्या स्टुलावर बसली. "माझे रंग गेले गं," एवढंच म्हणाली. तिचा आवाज असा फुटलेला मी पहिल्यांदा ऐकला आणि मला रडूच आलं.

आम्ही कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवालीला बोलावलं. आमच्याकडे सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणतात, कारण ती कॉम्प्युटरला हात लावण्याआधी 'काय होतंय?' असं विचारते. तिने इकडेतिकडे उघडून पाहिलं.

"काकू, खातं बिघडलंय. आतलं सामान शाबूत आहे. पण ते उचलून दुसऱ्या चांगल्या खात्यात न्यायला लागेल. आहे का दुसरं?"

आम्ही सगळे आतोबांकडे बघायला लागलो.

"नवीन काढता येईल की," आतोबा म्हणाले.

"येईल. पण तुमचा तो प्रोग्रॅम साध्या खात्यावर रोज रुसणार. काकूंना अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्याच खात्यात बसवा, कटकट मिटेल."

"आणि माझं सामान?"

त्यांचं सामान म्हणजे पत्त्यांचा एक खेळ आणि निरोपसमारंभाचा फोटो.

"तुमचं राहील. फक्त जरा सरकून बसा."

आतोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी आत्याकडे पाहिलं. ती अजून स्टुलावर तशीच होती, हातात एक रिकामं रीळ. "बरं," ते म्हणाले. "पण तात्पुरतं हं. कोट होईपर्यंत." आणि खुर्चीत बसून हुकूम सोडला, "तोंड फिरवा."

मी आणि आत्या सवयीने भिंतीकडे वळलो. डॉक्टरीणबाईला आमची रीत काय ठाऊक! आतोबांनी सुरुवात केली, "मोठा एच. यू. एस..."

"काका, मनातल्या मनात टाका ना," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू येतंय."

मी हळूच मागे पाहिलं. आतोबांचं बोट हवेत होतं.

"तुम्हालाही ऐकू येतं?" त्यांनी आम्हाला विचारलं.

मूग गिळून बसणं मला कधी जमलेलं नाही. "आतोबा, वरच्या मजल्यावर येतं."

या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! पण त्यांचा चेहरा असा पडला की मला मजाच येईना.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी आत्याला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग टाकला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

उरलेली अक्षरं आतोबांनी ओठ घट्ट मिटून टाकली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली.

डॉक्टरीणबाईने आत्याचा सगळा संसार आतोबांच्या खात्यात नेऊन मांडला. अक्षरं पाटीएवढी झाली, माउस पुन्हा उलटा झाला, आणि मग रांगेने रंग आले. आत्या धावत जाऊन कपाटातलं लाल रीळ घेऊन आली आणि पडद्याला लावून बघत राहिली. रंग जुळत होता. मग तिने हिरवं, निळं, एकेक करून सगळी रिळं लावून पाहिली. एवढं तपासायची काही गरज नव्हती, पण तिला थांबवणार कोण? आतोबांनी आपला पत्त्यांचा खेळ आहे का, ते पाहायला माउस हलवला, नेहमीचं बटण दाबलं आणि भलतंच काहीतरी उघडलं. त्यांनी माउस मुकाट्याने जागेवर ठेवला.

"काका, आता कॉम्प्युटर चालू केला की हाच पासवर्ड लागेल," डॉक्टरीणबाई पिशवी उचलत म्हणाली. "काकूंना सांगून ठेवा." आणि ती गेली.

मीही निघायला हवं होतं. पण असा तमाशा सोडून जाईन ती मी कसली! दाराशी चपला शोधत राहिले.

आतोबांनी घसा साफ केला. खुर्ची आत्याकडे वळवली.

"ऐक," ते म्हणाले.

"थांबा, चष्मा लावते."

"ऐकायला चष्मा कशाला?"

"लावू द्या हो."

तिने चष्मा लावला, पदर नीट केला, हात मांडीवर घेतले. आतोबांनी पासवर्ड सांगितला. छापखान्यात सांगत असतील तसा, एकेक अक्षर सुटं, खणखणीत, शेवटी उद्गारचिन्ह. शेजारच्या काकूंच्या खिडकीचा पडदा हलला.

आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत होती. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू.

"पुन्हा एकदा सांगा," ती म्हणाली. "नीट ऐकू नाही आलं."

आणि आतोबांनी, जराही न कुरकुरता, पुन्हा मोठ्या एचपासून सुरुवात केली.