काचेमागचे चार टाक

ही केस आठवली की मला आधी वाल आठवतात. जेसल पार्कच्या घरात दुपारी मी आणि बायको मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. माझ्या हातून एक निसटला, तर म्हणाली, "चोर कसे धरता हो तुम्ही?" दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी तिचं हृदय बंद पडलं.

तेरावं उरकून ड्युटीवर हजर झालो. मी कशीबशी दहावी झालेला, शिपायाचा सहायक फौजदार झालेला माणूस. त्याच सकाळी हद्दीतल्या एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातून तक्रार अर्ज आला. काचेच्या कपाटातले चार जुने टाक गायब. टाक म्हणजे देवघरात पुजतात ते, देव उठवलेले चांदीचे पत्रे. कुलूप शाबूत. चावी संचालक मॅडमकडे आणि काचा पुसणाऱ्या मावशीकडे.

पंचनामा करतोय तोवर बाजारातल्या सोनाराचा फोन. "साहेब, एक बाई चार टाक उजळायला देऊन गेली. पीछे लाल रंगात नंबर आहे. बोलली, नंबर मत पोंछना. मला गडबड वाटली, अजून हात नाही लावला."

बाईचं वर्णन मावशीशी जुळलं. तिला मोरव्याच्या घरून बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली आणि आवाज चढवला. त्या दिवसांत माझा आवाज सगळ्यांवरच चढायचा.

"कुणाला विकणार होतीस?"

"इकायचे न्हाय ओ."

"मग काढलेस कशाला?"

"काळे पडलेत. चार दिवसांवर घट बसनार. तुमच्या घरात बाईमानूस हाय ना? तिला इचारा, देव असे काळे ठेवतात काय."

महिला शिपाई खाली बघायला लागली. बाहेर जाऊन पाणी प्यायलो, तेव्हा सोनाराचं बोलणं डोक्यात आलं. चोर आधी नंबर खरवडतो. आत येऊन नीट विचारलं, "मावशी, नंबर पुसू नको असं का सांगितलंत?"

"मंग परत ठेवताना कळनार कसा, कुठला कुठं होता?"

टाक ताब्यात घेऊन मॅडमपुढे ठेवले. त्यांनी भिंगातून पाहिले आणि खुर्चीत टेकल्या. "वाचले! हा काळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. घासले असते तर नक्षी गेली असती."

मावशीच्या डोळ्यांना धार लागली. घर तिच्या एकटीच्या पगारावर. मी म्हणालो, "लबाडीचा इरादा नसेल तर चोरी होत नाही, मॅडम. मी तसा अहवाल देतोय. नोकरीचं तुमच्या हातात."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, आजपासून चावी माझ्याकडे. काच फक्त बाहेरून पुसायची."

"आनि आतली धूळ? ती तुमी पुसनार?"

मॅडम हसल्या. आमच्या वरिष्ठ साहेबांनी अर्ज निकाली काढला, मी स्टेशन डायरीत नोंद केली.

नोकरीभर मी आधी विचारायचो, माल कुठाय? कशाला नेला, हे नंतर, तेही कागदापुरतं. त्या दिवसापासून उलटं केलं. चोर कमी सापडले नाहीत. निर्दोष माणसं मात्र लवकर घरी गेली.

अर्ज मिटला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. घरात बसवेना. सकाळीच साध्या कपड्यात संग्रहालयात गेलो. आदल्या दिवशी तिथं मी फक्त कुलूप बघितलं होतं. दारात मावशी फडकं घेऊन उभी. म्हणाली, "तिकीट काडा साहेब, आज वर्दी न्हाय."

तिकीट काढलं. लाकडी मुखवटे, दगडी नंदी, कुणाकुणाच्या घरातल्या समया; एकेकापुढे उभा राहून, खालची पाटी अक्षर अक्षर लावत, दुपारपर्यंत सगळं बघितलं.