कडबाकुट्टीचं गाणं

कोरेगावच्या लालासाहेबांनी फौजेतून सुट्टीवर आल्या आल्या पोरीचं नाव क्रांती ठेवलं, आणि पुढं जन्मभर त्याचा पस्तावा केला. "नाव ठिवलं म्हंजी घरातच करायची न्हवती," असं ते चारचौघांत सांगायचे. रिटायर हवालदाराच्या घराला शोभेल असं पोरगी काहीच करत नव्हती. लग्नाचं नाव काढू देत नव्हती, शिरवळच्या एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला जात होती, आणि रविवारी बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये घसा फाटेस्तोवर ओरडत होती. त्या ओरडण्याला ती पंक संगीत म्हणायची.

शेडमध्ये जमणाऱ्या तिघांच्या बँडचं नाव 'खरूज'. ते सुचवलं धुळानं. धुळा माणदेशातला, मेंढरं विकून क्रांतीच्याच कंपनीला लागलेला. तिथं तो प्रेस मशीनवर होता आणि बँडमध्ये गिटार वाजवायचा. जुन्या विलायती पंक बँडांची गाणी त्यानं मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ केली होती. हल्ली कॉम्प्युटरवर गाणं घासूनपुसून काढतात, ते त्याला बघवत नसे. दोन मिनिटांचं गाणं, तीन कॉर्ड, धनगरी ढोलासारखा बडवलेला ड्रम, आणि चुकलं तर चुकलं. "गुळगुळीत करायला आपण काय फरशी बसवतुया व्हय?" म्हणायचा. ड्रमवर साईराज असायचा, तो मुळातच कमी बोलणारा. कोंबड्यांचा वास अंगावर घेऊन तिघं घरी जायचे. क्रांतीला आठवड्यातला तेवढाच दिवस आपला वाटायचा.

मग प्रेसनं धुळाच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता, आणि ते सगळ्या शिफ्टला ठाऊक होतं. कंत्राटदार विश्वजितनं धुळाला स्वतःच्या गाडीत घातलं, साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आणि वाटेतच पढवलं, की घरी वैरण तोडताना हात कडबाकुट्टीत गेला असं सांगायचं. हे खोटं मोठं सोयीचं. आपल्याकडं गावोगाव कडबाकुट्टीत बोटं गेलेला एखादा तरी असतोच, त्यामुळं डॉक्टरही दुसरा प्रश्न विचारत नाहीत. बक्षीस म्हणून विश्वजितनं त्याला गेटवर वॉचमन केलं. कंपनीत अपघात झालाच नाही म्हटल्यावर भरपाई कसली?

क्रांतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं गाणं रचलं. त्यात प्रेस होता, बंद सेन्सर होता, विश्वजितचं नाव होतं, आणि मध्ये मध्ये "कडबाकुट्टी! कडबाकुट्टी!" असं तिघांनी मिळून ओरडायचं होतं. शेडमध्ये धुळानं ते ऐकलं आणि तो उठूनच उभा राहिला.

"ह्ये म्हणू नगंस."

"खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय, म्हणून तर नगं म्हणतोय. माझी नोकरी जाईल. मेंढरं इकून बसलोय, म्हातारीला काय खायला घालू?"

"किती भ्यायचं रं माणसानं?"

"तुझा बा पेन्शन घेतोय, क्रांते. तुला भ्यायचं कारणच काय?"

हे तिला झोंबलं. पण झोंबलेलं माणूस ऐकून थोडंच घेतं! तिला वाटलं, हा नुसता भित्रेपणा आहे. एकदा चारशे माणसांपुढं खरं बोललं गेलं की धुळालाही धीर येईल, लोकही उठतील. लोक कसे उठतात, हे तिनं गाण्यांतच ऐकलं होतं.

साताऱ्यात एक युवा महोत्सव होता, त्यात 'खरूज'लाही एक गाणं मिळालं. मांडव विश्वजितनं दिलेला, म्हणून पुढच्या सोफ्यावर तोच. गर्दी दिसावी म्हणून कामगारांना गाड्या भरून आणलेलं. त्यांच्यात वॉचमनच्या कपड्यात धुळाही होता. क्रांतीनं त्याला बघितलं, आणि तरीही गिटार गळ्यात अडकवली. आता ती तिलाच वाजवावी लागे.

पोरं आधी नाचली. विश्वजितचं नाव आलं तशी थांबली आणि सोफ्याकडं बघायला लागली. विश्वजित चिडला असता, माईक हिसकावला असता, तर क्रांतीचं सोनं झालं असतं. पण तो पक्का मुरलेला. गाणं संपू दिलं आणि हसत हसत स्टेजवर आला.

"लय भारी आवाज हाय आमच्या ताईंचा. पर ज्याची बोटं गेली, त्यालाच इचारूया की. धुळा, ये रं वर."

धुळा वर आला. उजव्या हातात माईक, डावा हात खिशात.

"कडबाकुट्टीतच गेली. घरी. सायबांनी दवाखान्यात न्हेलं, त्येंचं उपकार हायती."

क्रांतीकडं त्यानं बघितलं नाही. मांडवानं टाळ्या वाजवल्या, आणि निम्म्यांच्या हातात व्हिडिओ काढणारा मोबाइल वर धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी क्रांतीला कंपनीच्या गेटमधून आत घेतलं नाही. साईराजनं ड्रम सांगलीच्या एका लग्नाच्या बँडवाल्याला देऊन टाकला. 'खरूज' संपला. क्रांती कोरेगावात मोबाइलच्या दुकानात काचा चिकटवायला लागली. लालासाहेब रोज तिला दुकानापर्यंत सोडायला येऊ लागले, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा.

पावसाळा सरला तसं विश्वजितनं धुळालाही काढलं. वॉचमनला दोन्ही हात धड लागतात म्हणाला. धुळा वकिलाकडं गेला. वकिलानं सगळं ऐकून घेतलं, मांडवातला व्हिडिओ बघितला आणि हात जोडले.

तिथून धुळा सरळ क्रांतीच्या दुकानात आला. काउंटरपाशी उभा राहिला.

"दवाखान्यात खोटं बोललो, त्ये फिरवता आलं असतं म्हणं. भर मांडवात बोललो, त्ये न्हाई फिरवता येत. तू गायली नसतीस, तर मला कोण इचारणार हुतं?"

क्रांतीच्या हातात कुणाचा तरी उघडा मोबाइल होता. तो तिनं काउंटरवर ठेवला.

"चहा सांगू?" तिनं विचारलं.

धुळा नको म्हणाला, आणि दहिवडीची एसटी गाठायला निघून गेला.