मेणाचा दोरा

सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये लालसर पाणी दिसायचं. पहिले काही महिने मी तो खर्र्याचा रंग समजलो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला ऐवज. आमच्या शेलूबाजारात तो ज्याच्या गालात नाही असा माणूस हुडकून काढावा लागेल. मग एकदा पोळीच्या घासाला रक्त लागलं. उष्णता झाली असं ठरवून मी आठवडाभर सब्जा प्यायलो. आमच्याकडे डोकेदुखीपासून मूळव्याधीपर्यंत सगळं उष्णतेवर ढकलता येतं.

घरात मी एकटाच होतो. पुण्याला मुलाला मुलगी झाली, बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि तिला तिथे दुसरं वर्ष लागलं. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून द्यायच्या, त्यामुळे मला हलता येत नाही. दिवसभर गिऱ्हाईक येतं, पण त्यांचा जीव मोटारीत असतो, माझ्याशी बोलायला कोणी येत नाही. संध्याकाळी शटर ओढलं की हायवेलगतच्या पानठेल्यावर, बाकावर आम्ही चौघे जमायचो. ज्याने पुडी घेतली त्याने ती आधी दुसऱ्यांपुढे धरायची आणि मग स्वतः चिमूट उचलायची, असा आमचा रिवाज. त्या तासाभरावर माझा अख्खा दिवस टेकलेला असायचा. खोटं कशाला सांगू, त्यानंतर घरी जायची मला भीती वाटायची.

शेवटी वाशिमला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. बाई माझ्या सुनेच्या वयाच्या. माझ्या उघड्या तोंडात तीनऐवजी दोनच बोटं जेमतेम मावतात हे त्यांनी मलाच माझ्या बोटांनी मोजून दाखवलं. हिरड्यांना जिथे जिथे टोचलं तिथे तिथे रक्त आलं. खर्रा आजपासून बंद, त्या म्हणाल्या, आणि जेवणानंतर रोज दातांच्या फटींतून फ्लॉस फिरवायचा, नाहीतर खालचे पुढचे चार दात लवकरच हातात येतील. खर्रा सुटला की सुरुवातीला रक्त वाढल्यासारखं वाटेल, घाबरून थांबू नका, हेही त्यांनी बजावलं.

फ्लॉस म्हणजे मेण लावलेला बारीक दोरा. आमच्या मेडिकलवाल्याकडे तो नव्हता. म्हटलं, दोराच ना? मोटारीच्या कॉइलची टोकं बांधायच्या दोऱ्याचं अख्खं रीळ दुकानात पडलेलं. जेवून आरशासमोर उभा राहिलो आणि त्यातला हातभर तोडून दाढांमध्ये घातला. जो दोरा मोटारीच्या पोटातून वर्षानुवर्षं हलत नाही, तो माझ्या तोंडातून कसा हलेल? अडकला तो अडकलाच. ओढला तर हिरडी कापली गेली. दोन्ही हातांना टोकं गुंडाळलेली, तोंड उघडं, लाळ आणि रक्त बनियनवर ओघळतंय, आणि हे काय चाललंय असं विचारायलाही घरात कोणी नाही. कात्रीने तुकडे करून काढला. आधी मला हसू आलं, मग तिथेच उभ्या उभ्या रडलो. दुसऱ्या दिवशी वाशिमहून खरी डबी आणली.

पानठेल्यावर पहिल्यांदा मी "मले नोको" म्हणालो तेव्हा बायको परत येऊन राह्यली काय, असं विचारून तिघे पोट धरून हसले. मी डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. त्यानंतर रोज पुडी माझ्यापुढे यायची, मी नाही म्हणायचो आणि माझी टिंगल सुरू व्हायची. हा नाकाने कांदे सोलायला लागला, असं एक म्हणायचा. दुसऱ्याने तर माझ्यासाठी फुटाणे आणले, दात आहेत तोवर चणे खाऊन घे म्हणून. रक्त खरंच वाढलं तेव्हा तिघांचं एकमत झालं की ते खर्रा सोडल्यामुळेच. मला राग यायचा, तलफ तर विचारू नका, पण मनातून ते सगळं आवडायचंही. दुपारी तार भरता भरता आज काय उत्तर द्यायचं ते मी जुळवून ठेवायचो.

ज्या बायकोने पंचवीस वर्षं खर्रा सोडा म्हणून दाताच्या कण्या केल्या, तिला फोन करून सांगितलं. "बरं केलं," ती म्हणाली. मागे नात रडत होती, तिने फोन ठेवला.

दीडेक महिन्याने एका सकाळी चूळ स्वच्छ पांढरी निघाली. खात्री करायला मी दोनदा थुंकलो. दोरा फिरवून पाहिला, त्यालाही रक्त नव्हतं. दिवसभर ही बातमी पोटात घेऊन काम केलं आणि त्या संध्याकाळी शटर अंमळ लवकरच ओढलं.

बाकावर माझ्या जागी बसलो. शेजारच्याने पुडी उघडली, डावीकडे धरली, मग माझ्या गुडघ्यांवरून हात लांबवून पलीकडच्यापुढे धरली, स्वतः चिमूट उचलली आणि पुडी मिटून खिशात टाकली. गप्पा लाईट कधी येते त्याच्या चालल्या होत्या. मी थट्टेवारी नेल्यासारखं विचारलं, "मले काहून नाई इचारलं?"

त्याला खरंच नवल वाटलं. "तू तं घेतच नाईस," तो म्हणाला.

त्यात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मी भांडलो असतो. ते तिघे आळीपाळीने उठून कडेला थुंकून येत होते आणि उठायचं कारण नसलेला मी बसून होतो. रक्त थांबल्याचं कोणाला सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी ठेल्यावर पोचलो आणि एक खर्रा घोटायला सांगितला. ते आले तशी पुडी उघडून एकेकापुढे धरली. तिघांनी चिमूट उचलली, मी न उचलताच पुडी मिटली, एकाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी बोललाही. त्यांच्या हिरड्यांची काय गत झाली असेल हे त्यांच्यापेक्षा आता मला जास्त कळतं. तरी तेव्हापासून रोज संध्याकाळी पुडी मीच घेतो.